औषधाचा सुरण

नाशिकची एसटी शिवाजीनगरला थांबली तेव्हा मामेभाऊ संदीप स्थानकाबाहेर उभा होता. तो खराडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याच्या वडिलांचे, म्हणजे माझ्या मामांचे, वजन उतरत चालले होते, म्हणून त्याने तिकडच्याच रुग्णालयात तपासणी ठरवली होती.

"आबा माझं ऐकत नाहीत, दादा. तू बरोबर चल."

वारज्यात मामांच्या शेतावर आता इमारती आहेत. त्यांतल्याच एकीत ते राहतात. सकाळी आम्ही तिघांनी रिक्षा केली. मामांची एकच अट होती : आधी मंडई. लहानपणी याच रस्त्याने मी त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून मंडईत जायचो. मागे मेथीच्या जुड्या असायच्या. त्यांचा ओला वास दुपारपर्यंत अंगाला राहायचा.

ओळखीच्या गाळ्यावर मामांनी सुरण मागितला.

"परत सुरण? शेत विकून सुरणाचा बंगला बांधताय का?" गाळेवाला म्हणाला.

"औषधाला लागतोय. खाजरा न्हाई ना?"

"घसा धरला तर परत आणा. सुरण. घसा नको."

रिक्षात मामांनी मला हळूच सांगितले : वर्षभर शौचातून रक्त जात होते. मूळव्याधच असणार, म्हणून सुरण. कुणाला दाखवले नव्हते.

पुलापलीकडे खराडीच्या काचेच्या इमारती सुरू झाल्या. रुग्णालयात सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावले.

"लिव्हरमध्ये गाठी दिसतात. त्या तिथल्या वाटत नाहीत, बाहेरून आलेल्या असाव्यात. मूळ शोधायला हवं."

"आमच्या वारज्यासारखंच म्हना," मामा म्हणाले. "समदे बाहेरून आल्याले."

डॉक्टर हसले नाहीत. "शौचातून रक्त जातं?"

मामांनी सुरणाची पिशवी पायाशी ओढून घेतली. संदीप माझ्याकडे पाहू लागला.

"सांगा, मामा," मी म्हणालो.

"मूळव्याध हाय."

"कोणी तपासली?"

"त्यात तपासायचं काय?"

दुसऱ्या दिवशी दुर्बिणीने आतडे तपासले. आत गाठ होती. तिचा तुकडा तपासणीला गेला. अहवाल येईपर्यंत मी वारज्यात राहिलो. सुरण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तसाच होता.

अहवाल आला. आतड्याचा कर्करोग, यकृतापर्यंत पसरलेला. डॉक्टर म्हणाले, "लगेच औषधं सुरू करू. पूर्ण बरं होईल असं आज सांगत नाही. वेळ मिळवू."

घरी आल्यावर संदीपने मामींना सगळे सांगितले. मग मामी उठल्या आणि सुरण हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"ह्याचं काय करू आता?"

"भाजी कर. समद्यांना," मामा म्हणाले. "चिंच जरा जास्त घाल, खाजायला नगं."

वर्षभर सुरण फक्त मामांच्या ताटात वाढला जात होता. त्या दुपारी तो सगळ्यांच्या ताटात आला. मामा सायकलच्या गोष्टी सांगत होते. मी दांडीवर झोपायचो म्हणे.

मामींनी चिंच भरपूर घातली होती. तरी परतीच्या एसटीत, पार नाशिकपर्यंत, माझा घसा धरलेलाच होता.