सहा हजार वर्षं पडीक

जमिनीतून खणून काढलेल्या गोष्टींच्या बातम्या वाचायचा मला नाद आहे. पनवेलच्या ऑफिसात दिवसभर लोकांच्या फायली हलवायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत फोनवर कुठे काय सापडलं ते बघायचं, हा माझा कार्यक्रम.

होळी आटोपली आणि चीनची एक बातमी हाती लागली. तिथल्या पूर्व किनाऱ्याजवळ, चिखलाच्या थरांखाली, सहा हजार वर्षांहून जुनी भातशेती सापडली होती. शाळेत आम्ही घोकलं होतं की चीनची संस्कृती पीत नदीच्या काठी जन्मली. समुद्राकडच्या भातवाल्यांना त्या धड्यात एक ओळही नव्हती. इथे तर आखीव बांध, पाण्याच्या वाटा आणि दूरवर पसरलेली खाचरं. विद्वानांना जुनी मतं पुन्हा तपासावी लागतायत, हे वाचून मला उगाचच हर्ष झाला. आमची शेतीही खाडीकाठची, त्यामुळे आपल्याच भाऊबंदांचं कौतुक झाल्यासारखं वाटलं.

शनिवारी उरणजवळच्या आमच्या गावी गेले आणि खोदकामाचा फोटो बाबांपुढे धरला. त्यांनी चष्म्याशिवायच बघितला.

"ही शेती खालच्या गावची ना? पान्याला तोंड बरं ठेवलंय. पन पडीक टाकलीय. किती वर्सं?"

"सहा हजार," मी म्हटलं.

मग त्यांनी चष्मा लावला. "मंग बांध चांगला घातला व्हता."

आई चुलीपाशी पोट धरून हसली. मी पुढे सांगितलं, की तिथे खाली भाताचा चिखल आहे, त्यावर समुद्राचा गाळ आणि त्यावर परत भाताचा चिखल. बाबांनी फोन परत जवळ ओढला.

"म्हंजे खारं पानी शिरलं, तरी मानसं परत आली," ते म्हणाले.

ते असं का म्हणाले, हे मला ठाऊक होतं. खाडी अडवणाऱ्या आमच्या बांधाला उधाणात खांड पडली होती, म्हणजे चांगलं बैलगाडी जाईल एवढं भगदाड. ते बुजवायला घरटी एक गडी द्यायचा, ही गावाची रीत. बाबांना मूल मी एकटीच, म्हणून आजवर ते स्वतःच जात. यंदा गुडघ्याने दावा साधला. गावकीतले थोरले काका प्रेमाने सांगून गेले होते, "यंदा तुमचं घर कामातनं सोडलंय, तुमी बसा निवांत." त्या मेहेरबानीने बाबांच्या घशाखाली घास उतरत नव्हता, आणि ते पाहून मला फार वाईट वाटत होतं.

"उद्या मी जाते," मी म्हटलं.

बाबांनी माझ्या रंगवलेल्या नखांकडे पाहिलं. "जुने कपडे घाल," एवढंच म्हणाले.

सकाळी ओहोटी लागल्यावर सगळे बांधावर जमले. मी सलवार गुडघ्यापर्यंत खोचून गेले. थोरल्या काकांनी विचारलं, "बाय, फोटो काढाया आलीस काय?"

"आमच्या घरचा गडी म्हणून आलेय."

काकांनी डोकं खाजवलं. रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बाबा बसले होते. काकांनी तिकडे पाहिलं आणि मला रांगेत उभं केलं. चिखलाचे गोळे हातोहात पुढे सरकत होते आणि शेवटची माणसं ते भगदाडात रचत होती. अर्ध्या तासात माझी कंबर बोलू लागली. शेजारी माझा चुलतभाऊ होता, चार ट्रकांचा मालक, तोही भात्यासारखा धापा टाकत होता. ते पाहून मला फार बरं वाटलं.

दुपारकडे काकांनी मला पुढे रचायला घेतलं. पहिला गोळा मी ठेवला आणि दुसऱ्याला हात घातला. तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला.

"आगं, तो नीट बसव. फट राह्यलीय."

"बसलाय, बाबा."

"न्हाय बसला. उद्या कोनी खनून बघितलं, तर आपल्याच घरचं काम कच्चं निघायचं."

सगळा बांध हसला. बाबा मात्र खुर्चीच्या टोकाशी सरकून माझ्या हातांकडे बघत होते. मी तो गोळा उचलला, परत बसवला आणि दोन्ही टाचांनी दाबला.