दुनळीची झिलई

ज्या घरात तान्हं बाळ किंवा बंदूक असते, त्या घरात सल्ले आपणहून चालत येतात! आमच्या कोरीट गावच्या घरी बंदूक आहे. माझ्या सासऱ्यांची, म्हणजे दादांची दुनळी. मक्यात रानडुकरं घुसतात म्हणून रीतसर परवाना काढून घेतलेली.

तिच्या नळ्यांवर निळसर काळी झिलई आहे. ती गेली की उघडं लोखंड, आणि उघड्या लोखंडावर गंज. गेल्या दसऱ्याला शस्त्रपूजेत आम्ही तिला भक्तिभावाने पंचामृताची आंघोळ घातली. चार दिवसांत नळीवर लाल ठिपके!

यंदा नवरात्र जवळ येताच दादा अहिराणीत गरजले, "औंदा आखो एक डाग पडना, तर बंदूक पूजामा ठेवाव नही!"

दसऱ्याला पूजेत शस्त्रच नाही? माझा जीव कासावीस झाला. मी नवरात्रात साखर सोडायचा नेम केला. बाकीच्यांनी उपाय सुरू केले.

*

पहिला मान मोठ्या जाऊबाईंचा. देवाची पितळी भांडी त्यांच्या हातून सोन्यासारखी निघतात. त्यांनी चिंच आणि राख घेतली अन् नळीच्या तोंडापासून घासायला बसल्या. दोन बोटं जागा पांढरीफटक! "बघ कशी लखलखली," म्हणून मला दाखवत होत्या, तेवढ्यात दादा आले.

"माय, बंदूक शे ती, तांब्या नही!"

जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "मग एवढी काळी का ठेवता?"

*

धाकटे भाऊजी तेल आणायला शहाद्याला गेले. हार्डवेअरच्या दुकानात गर्दी. चारचौघांत बंदुकीचं नाव कसं घ्यायचं?

"मशीनचं तेल द्या."

"कोणती मशीन? शिलाईची, कडब्याची?"

"तशी नाही. वर्षातून एकदाच बाहेर काढतो."

"बाकी वर्षभर काय करते?"

"कपाटात असते."

दुकानदार म्हणाला, "भाऊ, तेल कशाला घेता? विकून टाका ना!"

भाऊजी केसांना लावायचं तेल घेऊन परत आले.

*

शेजारचे फौजी काका निवृत्त झालेत, पण आवाज अजून ड्यूटीवर आहे. "तेल नंतर, आधी क्लीनिंग!" त्यांनी कसलंसं जालीम क्लीनर आणलं. नळीच्या आतून फिरवायचं ते त्यांनी लाकडी दस्त्यालाही उदारपणे चोळलं, आणि बंदूक पेपरात गुंडाळून ठेवली.

सकाळी पेपर सोडवला, तर पॉलिश मऊ होऊन दस्त्यावर राशिभविष्य उमटलेलं! उलटं, पण वाचता येत होतं. दादांचीच रास निघाली : 'घरातल्या माणसांपासून सावध.'

काका म्हणाले, "क्लीनिंगमध्ये फॉल्ट नाही. पेपर चुकीचा होता."

*

शेवटी ह्यांनी सुरतेच्या एका बंदूकवाल्या शेठला फोन लावला. सगळे स्पीकरभोवती कीर्तनाला बसावं तसे बसले. शेठ म्हणाले, "आंबट काही लावू नका. अमोनियावालं क्लीनर नको. कुठलंही औषध आधी न दिसणाऱ्या जागी थेंबभर लावून बघा. कापडाला रंग आला तर थांबा. मग बंदुकीचं पातळ तेल, एकदम थोडं, आणि कोरड्या कापडाने पुसून टाका. हाताचा घाम लागू देऊ नका."

एवढ्यातलं शेवटचं वाक्य दादांनी जरा जास्तच मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून दादा हातात पायमोजे घालून बंदुकीजवळ जायला लागले!

*

दसऱ्याला गुरुजींनी मार्ग काढला. पंचामृत सुपारीला, कुंकू बंदुकीखालच्या वस्त्राला, आणि बंदुकीला लांबून नमस्कार. देव समजून घेतो. दादांनी शेठनी सांगितलेल्या तेलाचा थेंब फिरवून नळी अशी पुसली होती की तिच्यात समईची ज्योत दिसत होती. नवा डाग एकही नाही! माझे डोळे भरून आले. आरती सुरू झाली.

तेवढ्यात शेतावरचा सालदार ओरडत आला, "दादा, मकामा डुकरं घुसनात! आख्खा कळप शे!"

ह्यांनी झटकन बंदुकीकडे हात नेला. दादा मध्ये आडवे उभे राहिले.

"कोन्हीबी हात नका लावा! तेल आत्तेच लायेल शे!"

आणि माझ्या हातातली आरतीची घंटा हिसकावून, ती बडवत, दादा मोजे घातलेल्या हातांनिशी मक्याकडे धावत सुटले.