नर्सबाई विचारून गप्प बसत

नर्सबाई प्रश्न विचारून गप्प बसत. यात काय विशेष, असं वाटेल. पण उत्तर येईपर्यंत खरोखर गप्प बसणारी माणसं आमच्या अकोल्यात तेव्हाही मोजकीच होती, आणि मी त्यांच्यात नव्हतो.

सुमनच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, पोटात दुखायचं म्हणून मी तिला त्यांच्या दवाखान्यात नेलं. बाईंनी तिला विचारलं, "काय होते?" मी पेशाने मास्तर, पाच मिनिटं उत्तर दिलं. कळ कुठून निघते, कधी निघते, काय खाल्ल्यावर निघते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"भाऊ, दुखून कोनाले राह्यलं? तुमाले का तिले?"

माझी रवानगी बाहेरच्या बाकावर झाली. आत अर्धा तास बोलणं चाललं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. सुमन इतकं बोलू शकते हे मला त्या बाकावर कळलं.

दुखणं आठवड्यात गेलं, पण तिचं जाणं थांबेना. भाजीची पिशवी घेऊन निघायची आणि दुपारी दवाखान्याच्या पायरीवर बाईंपाशी बसायची. परतताना चेहरा असा उजळलेला, की माझा जळफळाट व्हायचा. पुरुष असता तर निदान भांडलो असतो. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या बाईशी काय भांडणार?

शेवटी एकदा मीच पोट धरून गेलो. "काय होते, भाऊ?" म्हणाल्या आणि थांबल्या. ती शांतता मला मिनिटभरही सोसेना.

"सुमन तुमच्याशी काय बोलते?"

"ते तिचं हाय. मले काहून विचारता?" त्या म्हणाल्या. "अन् पोटाले काई झालं नाई तुमच्या. घरी जा."

पुढे बाईंची बदली धारणीला झाली. मोटार सुटली तेव्हा सुमनने डोळे पुसले. मी मनातल्या मनात पेढे वाटत होतो. घरी येताना मोठ्या मनाने म्हणालो, "आता मला सांगत जा. बाईंना मी विचारलं होतं, त्यांनी दाद दिली नाही."

ती रस्त्यातच थांबली. "बाईले विचारलं. मले कदी विचारलं?"

मी विचारलं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "माह्या मायचं पत्र आलं का तुमी आंदी फोडता, अन् त्यात काय लिवलं ते मले सांगता. वाचता येते मले."

त्या दिवसापासून तिची पत्रं मी फोडली नाहीत. पण हे वाक्य बाईंनी माझ्याआधी ऐकलं होतं, याचा मत्सर अजून गेलेला नाही.