आमच्या दारचं पानकम

तंजावूर स्टेशनवर अप्पांनी माझी पेटी बाकाखाली सरकवली आणि डब्यातल्या प्रत्येकाकडे निरखून पाहिलं. समोरच्या गृहस्थांना त्यांनी गाव विचारलं, नोकरी विचारली, उत्तरं पटली नाहीत, तेव्हा मला उठवून एका म्हाताऱ्या बाईंशेजारी बसवलं. अम्मा खिडकीखालून म्हणाली, "पुण्यांत अस्के मराठीच आहेंत. तुझं बेस होईल. भिऊं नको." अस्के म्हणजे आमच्या तंजावुरी मराठीत सगळे. या गोष्टीला बावीस वर्षं झाली. मी भ्याले नाही, पण अम्माचा अंदाज मात्र साफ चुकला.

पुण्यात मी तोंड उघडलं की लोक कौतुकाने हसायचे. "मद्रासी असून मराठी छान बोलता हो." मग मी राजवाड्याच्या मागची आमची गल्ली, मराठी राज्याबरोबर दक्षिणेत उतरलेले पूर्वज, सगळं पहिल्यापासून सांगायची. ऐकणारा मान डोलवायचा आणि शेवटी विचारायचा, "पण घरी इडलीच करता ना?" घरी आम्हाला कुणालाच देवनागरी येत नव्हती. मी ती चोविसाव्या वर्षी बसच्या पाट्यांवरून शिकले. हळूहळू मला सिद्ध करण्याची खोडच लागली. सोसायटीतल्या बायकांपेक्षा माझी गुढी उंच आणि माझी मतं कडक. आपल्या मुळांबद्दलच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी मला घेतलं. आपण खरे कोण, आपण काय काय खपवून घेतलं, कुणापासून सावध राहायचं, असे निरोप तिथे रोज यायचे. मी ते वाचून घरच्या ग्रुपवर ढकलत असे. घरून कुणी उत्तर देत नसे, आणि तेही मला खटकत असे.

आपल्या गल्लीतून बाहेर पडलेल्यांना, चेन्नई-सिंगापूरला गेलेल्यांना, मोहरमची सकाळ आठवत असेल. फुलांनी झाकलेले धातूचे पंजे घेऊन मंडळी आमच्या दारावरून जायची. अख्खी गल्ली त्याला 'अल्ला सामी' म्हणायची. पणजोबांचं मूल वाचलं तेव्हाचा नवस म्हणून आमच्या दारात दरवर्षी पानकम ठेवलेलं असे: गूळ, सुंठ, वेलदोडा, लिंबू. पंजा धरणाऱ्या काजाभाईंना पहिला पेला अप्पाच द्यायचे. मग आम्हा मुलांच्या कपाळावर चंदन लागायचं आणि आम्ही तसेच शाळेत जायचो. हे कसं चालतं, असं कुणी विचारत नव्हतं.

यंदा फोनवर मी सहज विषय काढला. अप्पा म्हणाले, "तें आतां नाही. गुडघे दुखतात." आणि लगेच पुण्याच्या पावसाची चौकशी केली.

पानकम द्यायला गुडघे कशाला लागतात? मला ते पटेना. अप्पांना कुणीतरी धमकावलं असणार, असं माझ्या मनाने घेतलं. समोरच्या घरात नवे भाडेकरू आले होते, दारावर पक्षाचा झेंडा होता. दोन महिन्यांपूर्वी कुणी दोघे मराठी घरांची माहिती लिहून घेत फिरले होते. काजाभाईंच्या मुलालाही हे पंजे वगैरे धर्मात बसत नाही असं वाटतं, हेही कानावर होतं. अण्णा, माझा थोरला भाऊ, फोनवर हो-नाही यापलीकडे जाईना, म्हणून त्याचाही संशय आला. शेवटी मी रजा टाकली आणि गेले.

घरात सगळे नको तितके चांगले वागत होते. मी खोलीत गेले की बोलणं थांबायचं. समोरच्या भाडेकरूंच्या घरून तर चक्क फणस आला. दुसऱ्या दिवशी मी थेट काजाभाईंच्या शिलाईच्या दुकानात गेले आणि विचारलं, "आमच्या घरचं पानकम कुणी बंद केलं?"

त्यांनी मशीन थांबवलं. बराच वेळ चष्मा पुसला. "बंद कुठे? यंदाही दोन पेले प्यायलो. तुमच्या अप्पांनीच दिले." मग घाईने म्हणाले, "मी सांगितलं म्हणू नका."

घरी येऊन मी ते सरळ अप्पांना म्हटलं. वहिनीच्या हातातलं पाखडतं सूप तिथेच थांबलं. अप्पा रागावले नाहीत. "तुझे निरोप येतात ना," ते म्हणाले, "मला वाचतां येत नाही. अण्णाची पोर फोनलाच मोठ्यानें वाचायला लावते. अस्के ऐकतो मी. एकही सोडीत नाही." मग म्हणाले, "असले निरोप लिहिणाऱ्यांना तूं काजाचं नांव सांगशील, असं भय वाटलं. म्हणून खोटं बोललो."

मी असं कधीच केलं नसतं, हे मी दोन-तीनदा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. अनोळखी माणसाचं ऐकतात तसं, मधे न बोलता. धमकावणारा शोधायला मी हजार किलोमीटर आले होते आणि अख्खं घर माझ्यापासूनच जपून वागत होतं. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर रागही आला.

मी तिथेच त्यांच्यासमोर तो ग्रुप सोडला. अप्पांनी स्क्रीनकडे पाहिलं, पण त्यांना काय वाचता येणार होतं? "बेस केलंस," एवढंच म्हणाले.

परत येऊन चार महिने झाले. आम्ही रोज बोलतो. सांबार, रक्तदाब, अण्णाच्या पोरीचे मार्क. गल्ली सोडून गेलेल्यांनो, तुम्ही आठवणींत घर म्हणजे काय ते लिहिता, ओसरी आणि वास आणि भाषा. मला आता घर म्हणजे एवढंच कळतं: जिथे मी विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळतं. परवा अप्पांना विचारलं, पुढचा मोहरम कधी आहे. तो दरवर्षी थोडा अलीकडे सरकतो. ते म्हणाले, "पाहून सांगतो." तारीख मला फोनवर दिसते, पण ती त्यांनी सांगावी म्हणून मी थांबले आहे.