फेस पांढरा झाल्यावर

बाईंनी मला एक प्रश्न विचारला होता आणि मी खोटं बोललो होतो. हे आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच, कारण या गोष्टीत तीही आहे.

बाई म्हणजे जयपूरच्या आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, मूळच्या नागपूरच्या. सगळे त्यांना मॅडमजी म्हणत. बाई म्हणणारा मी एकटाच. त्या यायच्या आधी त्यांचा वास यायचा. खनिज पकडायला आम्ही जे रसायन वापरायचो, त्याला कुजलेल्या कोबीचा दर्प असतो आणि तो केसांत, कपड्यांत मुरतो. आम्ही दोघं एकाच बसने आदर्श नगरला घरी जात असू, तेव्हा शेजारची माणसं उठून जात. बाई मग ऐसपैस बसत. “दोन सीटा मिळून राहिल्या फुकटात, तुला काहून लाज वाटते?” असं वर मलाच विचारत.

काम काय, ते सांगतो. खाणीतल्या दगडातून धातू काढून घेतला की दळलेली रेती उरते, टेलिंग्ज म्हणतात तिला. तिचे ढीग गावांच्या कडेला पडून असतात. त्यात गंधकाचं खनिज असतं. हवापाणी लागलं की त्याचं आम्ल होतं आणि झिरपत विहिरीत उतरतं. बाई ती रेती पाण्यात कालवत, रसायन घालत, तळातून हवा सोडत. खनिजाचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येत आणि काळपट फेस जमे. दुधावरची साय काढावी तशा निगुतीने बाई तो काढून घेत. खाली राहिलेली रेती यंत्रांनी तपासून झाली, तरी त्यांचं समाधान होत नसे. गच्चीवरच्या कुंड्यांत तिच्यात मेथी पेरत. शिपाई भैया विचारायचा, मॅडमजी, सब्जी कब बनेगी? “बनवायची नाही, बघायची,” बाई मराठीतच सांगत, आणि त्याला ते समजे.

फेस पांढरा झाला की बाकीचे यंत्र बंद करत. बाई रसायनाचा आणखी एक थेंब टाकून बघत. फेस पुन्हा काळवंडला, तर खनिज संपलेलं नसायचं, नुसतं रसायन संपलेलं असायचं. “पांढरा दिसला म्हणून सुटलो समजू नको,” हे मी त्यांच्याकडून कितीदा ऐकलं असेल.

एका खाणीचे लोक आमचं काम बघायला येणार होते. नमुना पटला तर गावाच्या कडेचा अख्खा ढीग या रीतीने धुवायचा, असं ठरत आलं होतं. त्या नमुन्याचा घाणा बाईंनी माझ्यावर सोपवला. नेमकं त्याच संध्याकाळी मला जवाहर नगरला मुलगी बघायला जायचं होतं. कोबीचा वास घेऊन कसा जाणार? फेस पांढरा झाला, मी यंत्र बंद केलं, आणि घरी जाऊन साबणाने अंग सोलून काढलं. मुलगी हो म्हणाली.

काही आठवड्यांनी त्या नमुन्याच्या रेतीत पेरलेली गच्चीवरची मेथी करपली. कुंड्यांखाली तांबूस पाणी साचलं. बाईंनी मला बाजूला घेतलं.

“थेंब टाकला होता ना रे?”

“हो, बाई.”

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. खाणीच्या लोकांना सरळ सांगितलं, की माझ्याच रीतीत खोट असेल. ते लोक परत गेले, ढीग जिथल्या तिथे राहिला. माझ्या लग्नात बाई मुद्दाम अगदी मागच्या रांगेत बसल्या होत्या, पाहुण्यांना वासाचा त्रास नको म्हणून. पुढे निवृत्त होऊन नागपूरला गेल्या.

अजून दर संक्रांतीला त्यांचा फोन येतो. आधी, “वास गेला का रे अंगाचा?” मग, “ते काही जमलं नाही बाप्पा आपल्याला.” मी तिळगुळाचं काहीतरी बोलतो आणि फोन बायकोकडे देतो.

रीत बरोबर होती. थेंब मी टाकला नव्हता. हे बाईंना सांगायचं अजून बाकी आहे.