सातची चौकट

मला कुठे सगळ्यांच्या पुढे उभं केलं की आजही कानशिलं तापतात. याचं मूळ डहाणूच्या शाळेच्या व्हरांड्यात आहे.

आमच्या गणिताच्या मास्तरांना तिन्ही तुकड्यांचे पेपर गुणांच्या क्रमाने लावून हवे असत. आधी ते दोन-दोन पेपर शेजारी धरून ‘हा जास्त की तो’ करत बसायचे आणि वैतागायचे. सहामाहीला त्यांनी युक्ती काढली. लांबलचक व्हरांड्यावर खडूने चौकटी आखल्या. दाराशी शून्य, पार विहिरीकडच्या टोकाला पन्नास. हजेरीच्या क्रमाने एकेकाच्या हातात पेपर दिला.

“दुसऱ्याच्या पेपरात डोकावायचं नाही. आपले गुण बघा, त्या आकड्याच्या चौकटीत जाऊन बसा. तिथे आधीच कुणी असेल तर त्याच्या पेपराखाली आपला सरकवा.”

खाडीवरून वारा यायचा, म्हणून पेपरावर हात दाबून बसायचं. मग मास्तर शून्यापासून चालत निघाले, की एकेका चौकटीतले पेपर उचलून आधीच्यांच्या खाली घालत जायचे. टोकाला पोचेपर्यंत सगळा गठ्ठा लागलेला. कुणाची कुणाशी तुलना म्हणून नाही. युक्ती झकासच होती, पण ती हुशार पोरांसाठी.

नुसती यादी लागली असती तर मी शेवटची ठरले असते, एवढंच. शेवटचं कुणीतरी असतंच. इथे मी सातच्या चौकटीत एकटी, आणि पुढे पंधरापर्यंत सगळ्या चौकटी रिकाम्या. मी किती मागे आहे, ते अख्ख्या शाळेला दिसत होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नेमके तेव्हाच बाबा गंजाडहून आले. मी मसोलीला मावशीकडे राहून शिकत होते. अभ्यासात माझं काही खरं नसेल तर भातकापणीला घरी न्यायचं आणि पुन्हा पाठवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांना अक्षरओळख नव्हती. दारातून त्यांना एवढंच दिसलं, की मास्तरांनी सगळ्यांत आधी माझा पेपर उचलला.

“पहिली!” ते मोठ्यांदा म्हणाले. “माझी पोर पहिली!”

सगळा व्हरांडा हसला. मास्तरही हसले. लोकांना आनंद झालाय असं समजून बाबाही हसले. हे माझे कुणी नसते तर बरं, असं मला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज सातपेक्षाही वाईट होती.

मसोलीच्या वाटेवर मी रडत सगळं सांगून टाकलं. दाराशी बसतो तो सगळ्यांत कच्चा, आणि विहिरीकडे ज्याचा पेपर शेवटी उचलतात तो सगळ्यांत हुशार.

“म्हणजे ते हसले ते...” बाबा म्हणाले आणि थांबले. नंतर मावशीचं घर येईपर्यंत ते माझ्यापुढेच चालत राहिले. आता गाठोडं बांध म्हणणार, या भीतीने मी मागे मागे राहिले.

दारात त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, “मग पुढच्या खेपेला शेवटची ये.”

आणि कापणीला एकटेच परत गेले.