मध्यंतराची फेरी

जगात फुटबॉलचे प्रशिक्षक पुष्कळ असतील, पण बहिणीच्या ओट्यावर अकरा वाट्या मांडून त्यातल्या आमटीच्या वाटीवर "तू जागा का सोडलीस?" म्हणून ओरडणारा प्रशिक्षक एकच, आणि तो माझा मेहुणा आहे. वय सत्तावीस. शाळेनं त्याला जूनमध्ये हेड कोच केलं. हाताखाली दुसरा कोच नाही, तरी 'हेड' म्हटल्याशिवाय तो ओ देत नाही. सावेडीतल्या आमच्या घरी तो जेवायला येतो, तेव्हा ताटात वाढलेला भातसुद्धा आधी बचावाला लागतो, मग पोटात जातो. आमची ही हल्ली वाट्या लपवून ठेवते. मग तो कांदे मांडतो.

त्याच्या आधी हे काम त्याचे सर करत. आमचा मेहुणा त्यांच्याच हाताखाली शिकला आणि निवृत्त होताना त्यांनीच शाळेला त्याचं नाव सुचवलं. दोघांत साम्य शोधायचं तर दोघांना पाय दोन. मेहुण्याजवळ फळा, लोहचुंबकाच्या सोंगट्या आणि चार रंगांची पेनं. सरांजवळ एक रुमाल. मेहुणा अखंड बोलतो. सर आख्ख्या सामन्यात "पळा" एवढंच म्हणत, तेही पोरं पळत असतील तरच. मध्यंतर झालं की ते पोरांपुढे गूळ-शेंगदाण्यांची पिशवी ठेवत आणि हात मागे बांधून मैदानाला एक संथ फेरी मारत. त्या फेरीत सर डाव रचतात, अशी साऱ्या गावाची खात्री होती. मध्यंतरानंतर पोरं पुष्कळदा जिंकतही.

मेहुण्याचं मध्यंतर दहा मिनिटांचं आणि भाषण बारा मिनिटांचं. संगमनेरच्या सामन्यात एका पोरानं हात वर करून विचारलं, "सर, पाणी पिऊ का?" हा म्हणाला, "आधी मागची फळी समजून घे." ते पोर मागची फळी समजून घेत घेतच चक्कर येऊन बसलं. तो सामना आम्ही हरलो, त्यानंतरचाही हरलो, आणि कुंपणाच्या भिंतीवर बसणारे पालक, शाळेचा शिपाई, चहावाला, सगळे एकच वाक्य म्हणू लागले: "सर असते तर..." एकदा आमच्या हिच्याही तोंडून ते निसटलं. त्या दिवशी मेहुणा अर्ध्या भाकरीवर उठला. "दाजी, हरायचं मला काही नाही वाटत," तो मला जिन्यात म्हणाला. "पण सरांनी माझं नाव दिलं. त्यांनी चुकीचा माणूस निवडला असं कुणी म्हटलं, तर मी त्यांना तोंड कसं दाखवू?" एरवी मी त्याची टर उडवतो. तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

पुढचा सामना राहात्याच्या संघाशी, आमच्याच मैदानावर. रविवार होता. चर्च आटोपून सर रिक्षानं आले आणि खुर्ची मागवून बसले. निवृत्तीनंतर गुडघ्यामुळं ते मैदानाकडे फिरकले नव्हते. त्यांना पाहताच मेहुण्यानं कोरा फळा दोनदा पुसला. मध्यंतराला आमच्यावर एक गोल चढला होता. यानं फळा उघडला, तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला शब्द सापडेना. त्यानं फळा मिटला, हात मागे बांधले आणि तो सरांसारखा चालायला लागला.

"आरं थांब, मी बी येतो," सर उठले.

दोघं निघाले. सरांचा गुडघा एवढा सावकाश चालला, की ते पलीकडच्या गोलामागे पोचले तोवर पंचांनी शिट्टी वाजवली. मेहुण्याला धावत यायचं होतं, पण सरांनी आधारासाठी त्याचा दंड धरला होता. तो तिथूनच हातवारे करून ओरडत होता. इकडे एक अक्षर ऐकू येत नव्हतं. पोटभर पाणी प्यायलेली पोरं मात्र आपसात बोलून खेळत होती, आणि त्यांनी बरोबरीचा गोल केला तो या दोघांच्या नाकासमोर.

पुढे पेनल्टीत आम्ही हरलो. पण "सर असते तर" म्हणायची कुणाची सोय नव्हती. सर होते.

रात्रीच्या जेवणाला मी विचारलं, "फेरीत सर काय म्हणाले?" मेहुण्यानं भात कालवता कालवता सांगितलं. त्यानं सरांना विचारलं होतं, तुम्ही या फेरीत काय ठरवायचात? सर म्हणाले होते, "ठरवतोय कशाचं? मला लई भ्या वाटायचं. पोरांना माझं तोंड दिसू न्हाई म्हनून लांब जायचो. तुमी पानी प्यायचा, तुमचं तुमालाच सुचायचं."

आता मध्यंतराला मेहुणा गूळ-शेंगदाणे ठेवतो आणि फेरीला निघतो. सामना नसला तरी दर रविवारी स्कूटरवरून सरांना मैदानावर आणतो. सरांची फेरी मात्र आखडत चालली आहे. आधी पलीकडच्या गोलापर्यंत जायची, हल्ली कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंतच. तिथं सरांना दम लागतो, आणि नेमकी तिथंच मेहुण्याच्या बुटाची नाडी सुटते. तो खाली वाकून ती बराच वेळ बांधत बसतो. परवा तर पठ्ठ्या चपला घालून आला होता, तरी झेंड्यापाशी वाकलाच.

सरांनी त्याच्या पायांकडे पाहिलं, मग मैदानाकडे.

"बांध," ते म्हणाले, "सावकाश बांध."